मुंबईच्या ३६ आमदारांना एका भाडेकरूचं खुलं पत्र : सर्वेच्या दिवशी आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो होतो

सन्माननीय आमदार साहेब आणि आमदार ताई,

मुंबईत तुम्ही एकूण ३६ जण, शहरातले १० आणि उपनगरातले २६, आणि हे पत्र सगळ्यांनाच आहे, पक्ष कुठला का असेना. एकाच कुणाला लिहिलं असतं पण माझे आमदार नक्की कोण हेच मला सांगता येत नाही. अठरा वर्षात आम्ही नऊ खोल्या बदलल्या, त्यात मुंबईतलेच तीन मतदारसंघ झाले, मधली दोन वर्षं दिव्याला गेली म्हणजे मुंबईच्या बाहेरच, आणि माझ्या आईचं नाव अजूनही जालन्याकडच्या आमच्या गावच्या मतदार यादीत आहे, कारण मुंबईतल्या एकाही मालकाने आपल्या पत्त्यावर आमचं नाव लावू दिलं नाही. आईने अठरा वर्षं या शहरातल्या लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या पण मत द्यायला तिला मराठवाड्याची गाडी पकडावी लागते, आणि सुट्टी कापली जाते म्हणून ती बऱ्याचदा जातच नाही. तुम्ही प्रचाराला आमच्या गल्लीत येता तेव्हा तुमचा कार्यकर्ता यादी बघत बघत दारं वाजवतो, आमच्या दारात मालकिणीचं नाव विचारतो आणि पुढे जातो.

मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर काम करते, आई चार घरी पोळ्याभाजी करते, भाऊ बारावीला आहे. वडील २०१७ ला गेले, ते नाक्यावर उभं राहून सेंट्रिंगची कामं करायचे.

माझं म्हणणं एकच आहे ते आधीच सांगते म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही. झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची कुठेच नोंद होत नाही. वस्तीचं पुनर्वसन ठरलं की झोपडीमालक पात्र का अपात्र ते ठरतं, बिल्डर त्याला महिन्याला किती भाडं देणार ते ठरतं, ट्रान्झिट म्हणजे मधल्या काळातली तात्पुरती जागा ठरते, नव्या इमारतीत ३०० चौरस फुटाचं घर ठरतं, आणि त्या खोलीत रोज रात्री अंथरूण टाकून झोपणारं कुटुंब मात्र एकाही कागदावर नसतं. त्यामुळे आम्हाला बाहेर काढावं लागत नाही, आम्ही तिथे नव्हतोच असं होतं. आमची नोंद करा, एवढं मागायला मी हे लिहितेय.

आता सर्वेचं सांगते, म्हणजे पुनर्वसनासाठी झोपड्यांची आणि त्यात राहणाऱ्यांची मोजणी होते त्याचं, कारण हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही भांडुपच्या बाजूला एका वस्तीत राहत होतो, दहा बाय बाराची खोली, खाली कोबा, वर पत्रा, मोरी आतच, त्यामुळे आईला ती खोली फार आवडायची. तिथे चौथं वर्ष चालू होतं आमचं, एवढं सलग आम्ही कुठेच राहिलो नव्हतो. सर्वेच्या आदल्या रात्री मालकीण मावशी आल्या, नेहमीसारख्या खाली चटईवर बसल्या, चहा घेतला, आणि मग म्हणाल्या, "उद्या सर्वेवाले येणारेत, तुम्ही सकाळपासून जरा बाहेर राहा, सामान राहू दे तसंच, कोणी विचारलंच तर सांगा की चुलत बहीण आहे, गावाहून आलीये." आई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

सकाळी सातला मावशी परत आल्या, सोबत एका पिशवीत त्यांच्या मिस्टरांचा हार घातलेला फोटो. आमच्या भिंतीला एकच खिळा होता ज्यावर फोटो राहील, बाकी सगळी भिंत भुसभुशीत, खिळा मारला की पोपडा पडायचा. त्या खिळ्यावर माझ्या वडिलांचा फोटो होता. मावशींनी तो काढला, पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि त्याच खिळ्यावर त्यांच्या मिस्टरांचा लावला. मला अजून त्यांचा हात आठवतो, थरथरत होता, म्हणजे त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं हे मला दिसत होतं. मी वडिलांचा फोटो ओढणीत गुंडाळला आणि आम्ही तिघं समोरच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन बसलो.

सर्वेवाले साडेअकराला आले. एकाच्या हातात टॅब, एकाकडे मोजायचा टेप, एकाकडे लाल रंगाचा डबा आणि ब्रश. मावशी दारात उभ्या राहिल्या, त्यांचा फोटो काढला, अंगठा घेतला, लाईट बिल बघितलं. किती माणसं राहता विचारलं तर त्यांनी त्यांच्या दोन मुलांची नावं सांगितली, ती दोघं बदलापूरला राहतात. टेपवाला आत गेला, मोजमाप घेतलं, बाहेर येऊन त्याने पाणी मागितलं तेव्हा मावशींना आमचे पेले कुठे असतात ते सापडेना. आई ओट्यावरून अर्धी उठली होती, पेले फडताळात डाव्या हाताला आहेत म्हणून सांगायला, आणि मग तिच्या लक्षात आलं आणि ती परत बसली. त्या माणसानेही ते बघितलं. त्याने माझ्या आईकडे बघितलं, मग टॅबकडे बघितलं, काही बोलला नाही. मग तिसऱ्याने दाराच्या बाजूला लाल रंगाने नंबर टाकला आणि ते पुढच्या दारात गेले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आमदार साहेब, मला हे कुणाची तक्रार म्हणून सांगायचं नाहीये. त्या मावशींवर माझा राग नाही, त्या विधवा आहेत, ती एक खोली हीच त्यांची पेन्शन होती, आमच्या साडेसहा हजारावर त्यांची औषधं यायची. मला तुम्हाला हे दाखवायचंय की हे असं का होतं, कारण त्याचं मूळ नियमातच आहे आणि नियम बदलणं हे तुमच्या हातातलं काम आहे.

विकास नियंत्रण नियमावलीतला ३३(१०) हा नियम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, सगळं एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन त्याच्यावरच चालतं. आमच्या गल्लीतल्या एका दादांनी मला तो वाचायला दिला होता, ते वस्तीच्या कमिटीवर होते. त्यात स्पष्ट लिहिलंय की घर मिळेल ते झोपडीत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाच, आणि जो प्रत्यक्ष राहत नाही अशा तथाकथित मालकाचं नाव जुन्या मतदार यादीत असलं तरी त्याला नव्या घरावर काहीही हक्क नाही. मी ते तीनदा वाचलं. वाचताना पहिल्यांदा वाटलं की अरे हे तर आपल्याबद्दल आहे. मग कळलं की पात्र ठरायला नुसतं राहून भागत नाही, सरकारने ठरवलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा पण लागतो, आधी १९९५ होतं, मग १ जानेवारी २००० झालं, मग २००० ते २०११ वाल्यांना अडीच लाख भरून घर असं झालं, आणि भाडेकरूकडे एकाच खोलीचा इतका जुना पुरावा येणार कुठून, त्याला अकरा महिन्यात हलवतात. म्हणजे नियमाने आम्हाला मिळत काहीच नाही पण त्याच नियमामुळे मालकाच्या मनात भीती बसते की हा भाडेकरू उद्या प्रत्यक्ष राहणारा म्हणून उभा राहिला तर माझं घर जाईल. त्या भीतीने तो आम्हाला एका जागी टिकू देत नाही, त्याच्या पत्त्यावर कागद काढू देत नाही, आणि सर्वेच्या दिवशी आम्हाला समोरच्या ओट्यावर बसवतो. झोपडी अडवून पैसे करणाऱ्यांना रोखायला ही अट घातली असेल, हेतू चांगलाच असेल, पण खाली गल्लीत येईपर्यंत तिचा अर्थ असा झालाय की खोटं बोलल्याशिवाय गरीब मालकिणीला घर नाही आणि तिच्या खोट्यात सामील झाल्याशिवाय गरीब भाडेकरूला चार महिने अजून राहता येत नाही.

कागद काढू देत नाहीत याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो ते पण सांगते. गॅसचं कनेक्शन मिळत नाही मग ब्लॅकने सिलेंडर नाहीतर पाच किलोवाला छोटा भरून आणायचा. लाईट सब-मीटरवर, युनिटचा भाव मालक ठरवेल तो, आम्ही बारा रुपयाने भरलाय. रेशन कार्ड गावचं. आता एक देश एक रेशन झाल्यामुळे धान्य इथे उचलता येतं ही खरंच चांगली गोष्ट झालीय आणि ती झाली म्हणूनच मला वाटतं की सरकारने ठरवलं तर पत्ता बदलणाऱ्या माणसाला पण धरता येतं. बँकेत मला खातं उघडताना पत्त्याचा पुरावा नव्हता, लॅबच्या मॅडमनी लेटर दिलं तेव्हा झालं. भावाच्या तीन शाळा बदलल्या. प्रत्येक वेळी दाखला काढायला मी अर्धा दिवस रजा टाकायची आणि प्रत्येक नव्या शाळेत पहिला प्रश्न हाच, पत्ता काय.

आणि डिपॉझिट. नोकरीवाल्या लोकांना डिपॉझिट म्हणजे दोन तीन महिन्यांचं भाडं वाटतं. वस्तीत हेवी डिपॉझिट चालतं, म्हणजे दोन चार लाख एकदम द्यायचे आणि भाडं थोडं नाहीतर अजिबात नाही. आम्ही मधला मार्ग काढला होता, दीड लाख डिपॉझिट आणि साडेसहा हजार भाडं. ते दीड लाख म्हणजे वडील गेल्यावर गावाकडची अर्धा एकर विकली त्याचे. त्याचा कागद म्हणजे स्टॅम्प पेपरवर केलेलं नोटरीचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. आम्हाला वाटायचं अकरा महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही, सगळे असंच म्हणतात, एजंट पण असंच सांगतो. नंतर मला कळलं की १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, त्याप्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीचं भाड्याचं ॲग्रीमेंट, कितीही महिन्यांचं असो ते लेखी आणि रजिस्टर असलंच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, आणि नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. एवढंच नाही, ॲग्रीमेंट रजिस्टर नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, असंही त्यात आहे. किती चांगला कायदा आहे हा! पण झोपडीच्या मालकाकडे स्वतःच्याच मालकीचा कागद नसतो, तो रजिस्टर करायला जाणार कुठे आणि कशाच्या जोरावर, आणि भाडेकरू पोलिसात जाणार तर आधी स्वतः तिथे राहतो हे दाखवणार कसं. वर्षाला लाखो रुपये असे गल्ल्यांमधून नुसत्या विश्वासावर इकडून तिकडे जातात.

सर्वेनंतर पाच महिन्यांनी, जुलैमध्ये, मावशींचा निरोप आला की बिल्डरचा माणूस चेक देतोय पण खोली रिकामी करून चावी दिली तरच, दहा दिवसात खाली करा. धो धो पाऊस चालू होता, भावाचं दहावीचं वर्ष नुकतं सुरू झालेलं. १ जून ते ३० सप्टेंबर राहती घरं पाडायची नाहीत असा शासनाचाच आदेश आहे, पण पाडलं काहीच नाही ना, आम्ही नुसते निघालो. जेसीबी नोव्हेंबरात आला, तोपर्यंत खोलीत कोणी नव्हतंच. मावशींनी दीड लाखातले नव्वद हजार दिले आणि बाकीचे पुढच्या चेकला देते म्हणाल्या, पुढच्या चेकमधून त्यांच्या मुलाने गाडी घेतली, साठ हजार अजून यायचेत. मी त्यांना फोन करणं सोडून दिलंय, त्या फोनवर रडतात.

दहा दिवसात खोली शोधायची तर आजूबाजूला मिळेना, आणि याचं कारण पण तुम्हाला समजून घ्यायला पाहिजे. एका वस्तीतली चारशे पाचशे कुटुंबं एकाच वेळी चेक घेऊन बाहेर पडली की सगळे जवळच खोल्या बघतात, मुलांच्या शाळा तिथे, कामं तिथे. त्यांच्या हातात बिल्डरने दिलेलं भाडं असतं त्यामुळे साडेसहाची खोली दोन महिन्यात साडेनऊला जाते. मालक तरी काय करेल, त्याला देणारा मिळतोय. पण ज्याला चेक मिळालेला नाही तो त्याच बाजारात उभा असतो. बिल्डर भाडं थकवतात म्हणून तुमच्यापैकी काहींनी विधानसभेत आवाज उठवला, त्याचा उपयोगही झाला, दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं असं बिल्डरांवर बंधन आलं. ते झालंच पाहिजे होतं. पण त्या भाड्याने ज्यांची खोली महाग केली त्यांच्याबद्दल कोणी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. आणि खोली मिळाली तरी एजंटचे प्रश्न, गाव कुठलं, आडनाव काय, व्हेज का नॉनव्हेज, घरात पुरुष माणूस नाही का. आमच्या शेजारी अन्सारी भाभी होत्या, त्यांना तर आडनावावरच फोन ठेवून द्यायचे. त्या शेवटी मुंब्र्याला गेल्या, आम्ही दिव्याला.

दिव्याहून आईला पहिली पोळी सकाळी साडेसातला भांडुपात लाटायची असायची. चारला उठायचं, पाच पाच लोकल सोडायला लागायच्या कारण दिव्याला लेडीज डब्यात पाय ठेवायला मिळत नाही, कधी कधी दारं आतूनच अडवून उभ्या असतात, त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्याही कुठून कुठून आलेल्या असतात. दीड महिन्यात चारातली तीन घरं सुटली. एका वहिनींनी दोन महिने सांभाळून घेतलं पण त्यांनाही मुलाचा डबा सातला लागायचा.

१९८५ साली सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच फुटपाथवर राहणाऱ्यांच्या केसमध्ये निकाल दिला होता, ओल्गा टेलिस केस म्हणतात तिला. १९८१ च्या पावसाळ्यात सरकारने फुटपाथवरची माणसं उचलून शहराबाहेर, काहींना तर थेट गावाला पाठवायला सुरुवात केली त्यावरून ती केस झाली. पाच न्यायाधीशांचं खंडपीठ होतं, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. त्यात त्यांनी म्हटलंय की ही माणसं कामाच्या जवळ राहतात कारण लांबून यायचा वेळ आणि पैसा त्यांना झेपत नाही, त्यामुळे झोपडी गेली की कामही जातं, आणि पोट भरायचं साधन काढून घेणं म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणं. माझ्या आईची तीन घरं सुटली तेव्हा मला कळलं की चाळीस वर्षांपूर्वी कोर्टात हेच बोलले होते. त्याच निकालात असंही होतं की नोटीस दिल्याशिवाय आणि ऐकून घेतल्याशिवाय कुणाला हलवू नका. आमच्या दारावर नोटीस लागली होती. तिच्यावर नाव मावशींचं होतं.

भाड्याची घरं हा विषय मुंबईला नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी सरकारने बीडीडी चाळी बांधल्या त्या कामगारांना भाड्याने द्यायलाच, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी, २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटाची. कितीतरी घराण्यांनी त्या खोल्यांमध्ये राहून मुलं शिकवली कारण उद्या कोणी खोली खाली करा म्हणेल ही धास्ती नव्हती. आज तिथे ५०० फुटांची घरं मिळतायत, मला त्याचा आनंद आहे. पण तेव्हाचं सरकार जे करत होतं ते पुढे थांबलं. २००८ ला एमएमआरडीए या महानगर विकासाच्या सरकारी संस्थेने भाड्याच्या घरांची योजना काढली होती, परत १६० चौरस फूटच, पण त्या घरांपैकी पनवेलजवळच्या कोनची घरं शेवटी दोन दोन जोडून गिरणी कामगारांना विकत दिली. गिरणी कामगारांचा हक्क होताच, त्यांना मिळालीच पाहिजेत, पण भाडेकरूंसाठी म्हणून बांधलेलं भाडेकरूंपर्यंत आलं नाही हेही खरं. २०२० ला लॉकडाऊनमध्ये माणसं चालत गावी निघाली तेव्हा केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना जाहीर केली, आणि आपल्या राज्याच्या गृहनिर्माण खात्याने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मालकांना सांगितलं की तीन महिने भाडं पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. आमच्या गल्लीत त्या आदेशाची प्रिंट एका पोराने काढून खांबाला चिकटवली होती. महिन्याच्या पाच तारखेला मालक आले, ज्यांच्याकडे होतं त्यांनी दिलं, ज्यांच्याकडे नव्हतं त्यांचं डिपॉझिटमधून कापलं. कोण दाद मागणार, कागदावर कोणीच राहत नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडपट्टीत राहतात असं आलं होतं, आणि २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत त्याच मुंबईत ४ लाख ८० हजार घरं रिकामी आहेत असं छापलं होतं. मी हे दोन्ही आकडे एकाच दिवशी वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. २०२५ चं राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलंय, माझं घर माझा अधिकार, त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरं आणि नोकरी करणाऱ्या बायका, विद्यार्थी, कामगार यांच्यासाठी भाड्याची घरं असं म्हटलंय. मी ते आशेने वाचलं. माझ्या आईला त्यात कुठे बसवायचं ते मला कळलं नाही, ती काम करते पण तिच्याकडे पगाराची स्लिप नाही.

धारावीचं उदाहरण मुद्दाम देते. त्या प्रकल्पाबद्दल माणसांच्या मनात खूप शंका आहेत, धारावीबाहेर पाठवतील याची भीती आहे, आणि ती मला खरी वाटते. पण एक गोष्ट तिथे झाली, झोपड्यांच्या वरच्या मजल्यांना हिशेबात धरलं, तिथे राहणाऱ्या १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्यांना मुंबई महानगरात भाड्याने आणि पुढे विकत घेता येईल असं घर द्यायचं ठरवलं. बाकीच्या योजनांमध्ये वरचा मजला म्हणजे नसल्यासारखाच. आणि भाडेकरू जास्त करून वरच राहतात साहेब. आम्ही आता २०२५ पासून परत भांडुपला आलोय तर वरच्या माळ्यावरच, खालून लोखंडी शिडी, धरायला दोरी, पावसात शिडीला गोणपाट बांधतो नाहीतर पाय सटकतो. आई चौपन्न वर्षांची आहे, दिवसातून सहा वेळा ती शिडी चढते, पाण्याची कळशी वर न्यायची तर मी खालून देते आणि ती वरून घेते. भाडं साडेआठ हजार. तिला तीन घरं परत मिळाली म्हणून ती खूश आहे.

म्हणजे वरच्या मजल्यावरच्या माणसाची मोजणी होऊ शकते, हे सरकारने स्वतः एका ठिकाणी करून दाखवलंय. मग ते सगळीकडे करा. सर्वेच्या फॉर्ममध्ये मालकाबरोबर भाडेकरूसाठी वेगळा रकाना ठेवा, आणि भाडेकरू दाखवला म्हणून मालकाची पात्रता जाणार नाही असं नियमात स्वच्छ लिहा, म्हणजे त्या मावशींना फोटो बदलायला लागणार नाही. मी मालकाच्या वाट्याचं घर मागत नाहीये, हे मोठ्या अक्षरात समजा. ज्याचं आहे ते त्याला मिळू दे. मला माझी नोंद हवीय. त्या नोंदीवर डिपॉझिटची रक्कम लिहा आणि बिल्डर मालकाला जो पहिला चेक देतो त्यातून डिपॉझिट आधी भाडेकरूच्या खात्यात जाईल अशी सोय करा, चेक देताना चावी मागता येते तर ही पावती पण मागता येईल. निघायला दहा दिवस नाही, शाळेचं वर्ष संपेपर्यंत वेळ द्या. आणि प्रत्येक पुनर्वसनाच्या इमारतीत काही खोल्या भाड्याच्या म्हणून ठेवा, सरकारच्या ताब्यात, १६० फुटाच्या असल्या तरी चालतील, फुकट नको, आम्ही आजही भाडं भरतोच आहोत, एक तारखेला भरतो. फक्त पावती द्या आणि त्या पावतीवर पत्ता असू दे.

मला माहितीये यात अडचणी येतील, खोटे भाडेकरू उभे राहतील, दलाल घुसतील. खोटे मालक पण उभे राहतातच की, त्यासाठी तुम्ही अंगठा आणला, टॅब आणला. आमच्यासाठी पण तेवढी तपासणी करा. रात्री दहाला या, दार वाजवा, आत कोण झोपलंय बघा, पेले कुठे ठेवलेत ते विचारा.

हे आजच लिहायचं कारण म्हणजे परवा आमच्या या गल्लीत पण भिंतींवर नंबर पडलेत, परत लाल रंगच. आमच्या शिडीच्या खाली आहे नंबर, खालच्या खोलीचा. आमच्या माळ्याला नंबर नाही. मालक दादा चांगले आहेत, त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, पण काल वर आले होते आणि बोलता बोलता भिंतीकडे बघत होते. ते गेल्यावर आईने वडिलांचा फोटो काढून पेटीत ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, आपणच काढलेला बरा.

आईकडे प्लास्टिकच्या पिशवीत सगळी ॲग्रीमेंट्स आहेत, अकरा अकरा महिन्यांची, २००७ पासूनची, एकही फेकलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला बघायची असतील तर मी तुमच्या ऑफिसला घेऊन येते. मला रविवारी आणि दुसऱ्या चौथ्या शनिवारी सुट्टी असते.

आपली नम्र,
भांडुपमधली एक भाडेकरू